जुने सर्व्हर निकालात काढताना: माझा अनुभव

फोंड्यातल्या आमच्या पतसंस्थेचे दोन जुने सर्व्हर दाराबाहेर काढायला पाच महिने लागले. त्यातले साडेतीन एका बिलापायी गेले.

नवी सिस्टम येऊन दोन वर्षं झाली होती, तरी "असू दे, लागले तर" म्हणून जुने चालूच. मीटर लावून पाहिलं, तर एकेक जण रिकामा बसून 190 वॅट ओढतोय. म्हणजे वर्षाला प्रत्येकी 1,660 युनिट, वर एसीचा खर्च वेगळा. चेअरमननी आकडा बघितला आणि त्याच दिवशी दोन्ही बंद.

पण डेडस्टॉक रजिस्टरमधून, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीतून, कमी केल्याशिवाय वस्तू हलत नाही, आणि त्यासाठी मुख्य कार्यालयाला मूळ बिल हवं. 2011 चं! "बिल खंय?" हे फोनवर इतक्या वेळा ऐकलं की पुढे फोन वाजला तरी पोटात गोळा यायचा. मग सिरीयल नंबर मागितले. गोव्याच्या दमट हवेत स्टिकर पार पुसलेले. मोबाईलच्या टॉर्चमध्ये सर्व्हर उपडा करून वाचला. 8 लिहिला, तो निघाला इंग्रजी B. फाईल परत. मध्ये चतुर्थी. हाच नंबर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) असतो, मशीन बंद करण्याआधीच टिपून ठेवा. मला हे उशिरा सुचलं.

शेवटी आमच्या जुन्या शिपाईकाकांनी सांगितलं, खतावणीतल्या नोंदीची प्रत ऑडिटरच्या सहीशिक्क्यानिशी लावा. चार दिवसांत मंजुरी!

भंगारवाला रोख द्यायला तयार होता, दोन संचालकही "देऊन टाक" म्हणत होते. मी अडून बसलो: ई-कचऱ्याचे 2022 चे नियम आहेत, नोंदणीकृत रिसायकलरलाच देणार. यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या, एक तर फुगलेली, नव्या घेताना विक्रेत्यानेच नेल्या. लोड कमी झाल्यामुळे सोळाऐवजी आठच लागल्या.

आतला डेटा कुणाच्या हाती लागू नये म्हणून हार्ड डिस्क आधी काढून ड्रिलने भोकं पाडा. एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) असेल तर डेटा पुसायला चुंबकाचा उपयोग नाही, आतली चिपच फोडावी लागते. आणि हो, एसी 18 वर ठेवायची गरज नसते. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 27 अंशांपर्यंत चालते. आम्ही 24 वर ठेवलाय.

नव्या यूपीएसच्या बिलाची झेरॉक्स रॅकच्या दाराला आतून सेलोटेपने चिकटवली आहे. दोन प्रती.