रसायनशास्त्रात पीएचडीची जागा शोधताना

जाहिरातीतल्या 'नॅनो' आणि 'शाश्वत' या शब्दांवर जाऊ नका. जाहिरात देणाऱ्या संशोधन गटाचे गेल्या तीन वर्षांतले पेपर काढा आणि मूळ लेखाआधी त्यांची पुरवणी माहिती (पेपरला जोडलेले प्रयोगांचे तपशील) वाचा, कारण खरं काम तिथेच कळतं. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या आलेखात, द्रावकाची शिखरं उरली आहेत का? उत्प्रेरक किती मोल टक्के (रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात) वापरला? पाच मिलिग्रॅम माल शुद्ध करायला सिलिकाच्या कॉलममधून काढूनही सगळीकडे ९९ टक्के यील्ड (हाती आलेला माल) दिसत असेल, तर मला शंका येते. काचेला, सिलिकाला थोडं तरी चिकटतंच.

मार्गदर्शकांना पाठवायचा मेल दीडशे शब्दांत संपवा. 'आपलं काम प्रेरणादायी आहे' हे वाक्य सगळेच लिहितात. त्याऐवजी त्यांच्या एखाद्या अभिक्रियेबद्दल नेमका प्रश्न विचारा. श्लेंक लाइन आणि ग्लोव्हबॉक्स (हवा न लागू देता काम करायची साधनं), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं उपकरण) यांपैकी काय एकट्याने चालवता येतं आणि काय फक्त पाहिलंय, हे वेगवेगळं लिहा. मुलाखतीत ते उघडं पडतंच.

मार्गदर्शकाइतकंच त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला, तेही स्वतंत्रपणे. उपकरण बंद पडलं तर दुरुस्ती कोण करतं? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? आणि अनुदान प्रबंधाआधी संपलं, तर विद्यावेतन कुठून येतं? याचं उत्तर लेखी घ्या.