किल्ली दिली, अनामत राहिली

सांगलीच्या गावभागातील ज्या घरात आम्ही दोन वर्षे भाड्याने राहिलो, ते ३१ मे २०२४ रोजी सकाळी झाडून-पुसून रिकामे केले आणि किल्ली घरमालक काकांच्या हातात ठेवली. आमची पन्नास हजार रुपयांची अनामत त्यांच्याकडे होती. "आठ दिवसांत देतो, ताई," असे ते म्हणाले आणि मी विश्वासाने निघाले. ते पैसे हाती यायला पुढचा मार्च उजाडला. माझी चूक त्याच सकाळी झाली होती, हे मला आता स्पष्ट दिसते. अनामत आणि किल्ली यांची देवाणघेवाण एकाच वेळी, एकाच खोलीत व्हायला हवी होती, कारण किल्ली हातात पडल्यावर घरमालकाला घाई करण्याचे काही कारणच उरत नाही.

काका वाईट माणूस नव्हते, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. दोन्ही दिवाळ्यांना काकूंनी आमच्याकडे फराळाचे ताट पाठवले होते आणि माझ्या सासूबाई आजारी असताना काकांनीच रात्री रिक्षा बोलावून आणली होती. परंतु त्यांनी आमची अनामत कधीच खर्च करून टाकली होती. जून संपता संपता त्यांनी ते जवळपास कबूल केले: "नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो. पैसे कुठं पळून जातात काय?" हे वाक्य मी नंतर इतक्या भाडेकरूंच्या तोंडून ऐकले, की घरमालकांची ही सर्वसाधारण रीतच असावी असे मला वाटू लागले आहे. अनामत ही भाडेकरूने सांभाळायला दिलेली रक्कम असते. ती घरमालकाची मिळकत नसते, आणि पुढच्या भाडेकरूच्या येण्या-न येण्याशी तिचा काही संबंध नसतो.

त्यातच सांगलीचा पावसाळा आडवा आला. गावभागातील तळमजल्याचे घर जून ते ऑगस्ट या काळात सहजासहजी कोणी घेत नाही. घर पाहायला येणारा माणूस भाडे विचारण्याआधी पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारतो. ज्या शहराचे लक्ष प्रत्येक पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीकडे लागलेले असते, जिथे चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका हे शाळकरी मुलालाही पाठ असते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी सत्तावन्न फुटांवर गेलेली सर्वांनी पाहिली आहे, तिथे हा प्रश्न स्वाभाविकच आहे. नवा भाडेकरू येईना आणि आमचे पैसे सुटेनात.

गणपती झाल्यावर मी पुन्हा गेले, तेव्हा काकांनी वहीच्या पानावर लिहिलेला हिशेब पुढे केला. रंगकाम १५,००० रुपये, स्वयंपाकघराच्या भिंतीचे प्लास्टर १२,०००, बेसिन व नळ २,५०० आणि वीजबिल ६४०. शिल्लक १९,८६०, तीही जमेल तशी. वीजबिल आमचेच होते. बेसिनला तडा आमच्याच हातून गेला होता, फक्त दुरुस्तीची रक्कम फुगवलेली होती. दोन वर्षांच्या वापराने भिंतीचा रंग उतरतो, ही नेहमीची झीज आहे आणि भाडे त्याचसाठी दिलेले असते. मला खरा धक्का बसला तो प्लास्टरच्या आकड्याने.

त्या भिंतीतील फडताळाच्या दाराची आतली बाजू कोणी रंगवलेली नव्हती. माझ्या छातीएवढ्या उंचीवर तिथे मातकट रंगाची एक सरळ रेघ होती. तिच्या खालचे लाकूड काळपट आणि फुगलेले, वरचे साफ. ती २०१९ च्या पुराची रेघ होती आणि आम्ही राहायला गेलो जून २०२२ मध्ये. राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी भिंतीला पोपडे दिसले म्हणून मी फडताळाचा आणि भिंतीचा फोटो काढून काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. त्यावर त्यांनी लिहिलेले उत्तर दोन वर्षांनीही माझ्या फोनमध्ये तसेच होते: "पुराची ओल आहे ती, वाळली की रंग देऊ." पुढे माझी बाजू ज्या एका गोष्टीवर उभी राहिली, ती हीच ओळ. तो फोटो मी पुराव्यासाठी नव्हे, तर केवळ रंग देऊन मिळावा म्हणून पाठवला होता.

पोलीस ठाण्यात चौकशी केली, तेव्हा हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे असे सांगण्यात आले, आणि ते बरोबरच होते. वकीलबाईंनी मात्र आमचे करारपत्र पाहून पहिला प्रश्न विचारला तो नोंदणीचा. आमचा करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला होता, आणि तेवढे पुरेसे आहे अशी आमची दोघांचीही समजूत होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा, करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगतो तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम प्रत्येक भाडेकरूने एकदा तरी वाचावे असे मला मनापासून वाटते. विश्रामबागेतील आमच्या सध्याच्या घराचा चोवीस महिन्यांचा करार आम्ही ऑनलाइन नोंदवला, त्याला मुद्रांक शुल्क ६२० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये आली. एवढ्याशा पैशांसाठी लोक नोटरीवर भागवतात आणि मग वर्षभर चपला झिजवतात.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पोहोच पावतीसह रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. तिच्यात घर सोडल्याची तारीख, अनामत बँकेतून दिल्याचा तपशील, ६४० रुपयांची कबुली आणि उरलेली रक्कम पंधरा दिवसांत देण्याची मागणी होती. पोहोच पावती सहीनिशी परत आली, पण उत्तर आले नाही. असा पैसा वसूल करण्यासाठी दावा लावायला मुदतीचा कायदा तीन वर्षे देतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नव्हते. परंतु एवढ्या रकमेसाठी कोर्टाच्या तारखा मोजण्याची आमची तयारीही नव्हती.

तेव्हा वकीलबाईंनी विजयनगरच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मार्ग सुचवला. दावा दाखल करण्यापूर्वीच तिथे साधा अर्ज देता येतो, त्याला कोर्ट फी लागत नाही, आणि समोरच्याला बोलावून प्रकरण लोक अदालतीपुढे ठेवले जाते. तिथे तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो, हेही मला तिथेच कळले. ही माहिती मला सहा महिने आधी असती, तर कितीतरी फेऱ्या आणि कितीतरी कटू बोलणी टळली असती.

मार्च २०२५ च्या लोक अदालतीला काका त्यांच्या मुलाला घेऊन आले. मुलाने तो जुना संदेश माझ्या फोनवर दोनदा वाचला, वडिलांकडे पाहिले आणि प्लास्टरचा विषय तिथेच सोडला. रंगाचा आकडाही त्याने स्वतःहून खोडला. बेसिनच्या दुरुस्तीची खरी पावती १,४०० रुपयांची निघाली. ती रक्कम मी लगेच मान्य केली. पन्नास हजारांतून ते आणि वीजबिल वजा जाता ४७,९६० रुपयांचा चेक त्याने टेबलावरच लिहिला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "आधीच हिशेब करायला हवा होता, ताई." मी काकूंची चौकशी केली. चार दिवसांनी चेक वटला, तेव्हा मी दोन ओळींची पावती लिहून त्यांच्या घरी पोहोचवली: अनामतीची संपूर्ण रक्कम भरून पावले, आता काही येणे नाही.