शेजारी-शेजारी

मी स्पेनच्या बास्क भागात, बिल्बाओत माहितीपटांचं एडिटिंग करते. सध्या टेबलावर एटा आहे. स्वतंत्र बास्क देशासाठी 1959 मध्ये निघालेली सशस्त्र संघटना, 2011 मध्ये हिंसा थांबवली, 2018 मध्ये विसर्जन, आणि मधे आठशेच्या वर खून. शिवाय 1983 ते 87 मध्ये सरकारी यंत्रणेतल्याच लोकांच्या आशीर्वादानं एटाविरोधी ‘गाल’ टोळीच्या मारेकऱ्यांनी घेतलेले 27 बळी. चॅनेलवाल्यांना हे सगळं 52 मिनिटांत हवंय, वर दोन्ही बाजूंची मिनिटं सारखी. किराणा तोलावा तशी.

गिपुस्कोआ या बास्क प्रांतातल्या एकाच गावच्या दोन बायका आहेत आमच्याकडे. एकीच्या नगरसेवक नवऱ्याला एटानं गोळ्या घातल्या. दुसरीचा मुलगा एटाचा कैदी. 1989 पासून सरकार अशा कैद्यांना मुद्दाम घरापासून लांब विखरून ठेवायचं. हा पार खाली, दक्षिणेला कादिसजवळ. आई रात्रभर बसनं जायची, काचेआडून 40 मिनिटं बोलायची की परत. ती बास्क बोलते. बास्कमध्ये क्रियापद बहुधा आपल्यासारखं शेवटी येतं. इथले काही एडिटर श्वास ऐकू आला की कात्री लावतात आणि क्रियापदच उडवतात. तिचं एकही वाक्य मी तसं तोडू दिलेलं नाही.

एका कटवर मी फार खूश होते. विधवा बाई सांगतात, गाडी काढण्याआधी त्या आजही वाकून खाली बॉम्ब आहे का बघतात. मग गप्प होतात. तो चेहरा तसाच ठेवून मी खालून बसच्या इंजिनाची घरघर आणली, आणि मग आई.

काल बाईंना कट दाखवला. तिथे आल्यावर त्यांनी हात वर केला. ‘‘तो आवाज माझ्या चेहऱ्यावर का?’’ दिग्दर्शक ‘दुःख सारखंच असतं’ वगैरे सुरू झाला. त्याला गप्प बसणं जमतच नाही. बाईंनी मधेच तोडलं. ‘‘तिचा प्रवास लांबचा होता, मान्य. पण पोचल्यावर तिला मुलगा दिसायचा.’’

रात्री मी मधे गावाचा शॉट टाकून पाहिला, काळी फ्रेम टाकून पाहिली. बघणारा दोन चेहरे जोडतोच. आमचा धंदाच त्यावर चालतो. आईला पंधरा मिनिटं पुढे ढकललं, तर दोघी एकाच बेकरीत न बोलता पाव घेतात, ही गोष्टच निघून जाते.

दिग्दर्शक म्हणतो, सही घेतलीय ना, मग ठेव. कायद्यानं त्याचं बरोबर आहे. घरघर मी काढली. बस आता चित्र बदलल्यावरच सुरू होते. क्रम तोच आहे. गुरुवारी आई बघायला येणार आहे. तिलाही हा शेजार नको असेल, हे मात्र त्याच्या डोक्यातही आलेलं नाही.