फोटो आहे ना, मग नकाशा कशाला काढता?

विमानातून फोटो काढलेत, सगळं लख्ख दिसतंय, मग नकाशा काढायला वेगळी माणसं कशाला? हवाई छायाचित्रांवरून डिजिटल टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, करते म्हटलं, की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

फोटोत डोंगर आपल्या जागेवर नसतो. उंच भाग कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून तो फोटोच्या मध्यापासून बाहेर ढकलला जातो. विमान पायथ्यापासून ३००० मीटरवर आणि सुळका ३०० मीटरचा असेल, तर त्याचं टोक मध्यापासून जेवढं लांब दिसतं, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं सरकलेलं असतं. अशा फोटोवर सह्याद्रीत अंतर मोजून चालत नाही.

पण याच सरकण्यातून उंची मिळते. लागोपाठचे फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतील असे घेतात, म्हणजे प्रत्येक जागा दोनदा तरी टिपली जाते. जमिनीवर जागा आणि उंची नेमकी मोजलेल्या खुणांशी, म्हणजे कंट्रोल पॉइंटांशी, ते जुळवले, की थ्रीडी चष्म्यातून पडद्यावर दरी खोल दिसू लागते. मग एक ठिपका जमिनीवर टेकवायचा. वर राहिला तर तरंगतो, खाली गेला तर रुतल्यासारखा वाटतो. उंची कायम ठेवून तो उताराला धरून फिरवला, की कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, उमटतो. हे काम मला मनापासून आवडतं.

आता सॉफ्टवेअर लाखो बिंदूंची उंची आपोआप काढतं आणि उघड्या माळावर ती उत्तम असते. दाट रानात मात्र त्याला झाडांचे शेंडेच दिसतात. सह्याद्रीच्या १:५०,००० टोपोशीटवर दोन कंटूरमध्ये २० मीटरचा फरक असतो. झाडं १५ मीटरची असली, तर रेषा जवळजवळ एक कंटूर चुकते आणि नकाशात ओढा चढावर वाहू लागतो! म्हणून फांद्यांमधली फट शोधायची, तिथे जमिनीवर ठिपका टेकवायचा, पुढच्या फटीपर्यंतची रेषा ओहोळाचा रोख पाहून ओढायची. ओढा ओलांडताना कंटूरचं टोक वरच्या अंगाला वळलंच पाहिजे. पानगळीच्या रानाचे फोटो फेब्रुवारी-मार्चातले असले, तर निम्मं काम हलकं होतं.

पानं झडली तरी वाडीचं नाव, ओढा बारमाही आहे की नाही, देऊळ कुणाचं, हे वरून कळत नाही. त्यासाठी प्रिंट घेऊन माणूस तिथं जातो आणि गावकऱ्यांना विचारतो.