आमची वाटचाल: तिथीप्रमाणे चालणाऱ्या सहली

गिरगावातल्या राहत्या खोलीत, एक फोन आणि एक वही एवढ्या भांडवलावर आम्ही पती-पत्नींनी २०११ साली पाहुण्यांना मुंबई दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. गेटवे आणि फोर्ट दाखवणारे पुष्कळ होते, कोळीवाडा दाखवणारे थोडे. म्हणून पहाटे वेसाव्याच्या बंदरावर जाण्यापासून आम्ही सुरुवात केली. फोनवरच्या नकाशात या जागेचे नाव वर्सोवा आहे, परंतु तिथली माणसे स्वतःला वेसावकर म्हणवतात, आणि पाहुण्यांना आम्ही सर्वांत आधी हेच सांगतो.

पहिली काही वर्षे ओळखीतून आलेल्या पाहुण्यांवर गेली. पुढे सहलींची विक्री करणाऱ्या एका मोठ्या परदेशी संकेतस्थळावर आम्ही नाव नोंदवले आणि आरक्षणे भराभर वाढली. त्या संकेतस्थळाला मात्र रोजची एक ठरलेली वेळ हवी होती. आम्ही सकाळी सहा लिहून दिले, आणि आमची चूक तिथेच झाली. बोंबील ज्या डोल जाळ्यात सापडतो ते पिशवीसारखे जाळे समुद्रात एका जागी रोवलेले असते आणि पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही ओढ मोठी असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असली की ती मंदावते, शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कित्येक दिवशी सहा वाजता बंदरावर काहीच घडत नसे. पाहुण्यांनी तर फोनवर भरलेल्या पाट्या आणि लिलावाची झुंबड पाहिलेली असे. ती दिसली नाही की ते आम्हाला कमी तारे देत.

तारे घसरू नयेत म्हणून आम्ही जे केले त्याची मला आजही खंत वाटते. बंदर शांत असेल त्या दिवशी लुगडी नेसलेल्या मुलींचे नृत्य ठेवण्यास आम्ही सुरुवात केली. शिमग्यात आणि हळदीत स्वतःच्या आनंदासाठी होणारे नाच आम्ही सकाळी सात वाजता, पंधरा मिनिटांच्या मापात बसवले. दोन हंगाम हे चालले. मग एके सकाळी एका पाहुण्याने, जाळे विणत बसलेल्या एका आजींना छायाचित्रासाठी पाटी डोक्यावर घेण्याची खूण केली. त्या मला म्हणाल्या, “पाटी रिकामी हाय, ती डोक्यावर कशाला घेऊ?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. पाहुण्याला सांगण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

त्या पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, आम्ही वाड्यातल्या बायकांसोबत बसून सगळे नव्याने ठरवले. सहलींचे वेळापत्रक तिथीप्रमाणे लागू लागले. नृत्य बंद झाले. छायाचित्रे सहलीच्या शेवटी आणि विचारूनच काढायची, आणि पाहुण्यांशी बोलण्यात ज्या बाईचा वेळ जातो तिचे मानधन किती हे तिने ठरवायचे, असा नियम झाला. याची किंमत आम्ही मोजली: संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरून आमचे नाव गेले आणि आरक्षणे निम्म्यावर आली. २०२० च्या टाळेबंदीत तर व्यवसाय पूर्ण थांबला.

तंत्रज्ञानाला मी सरसकट दोष देत नाही. लेण्यांमुळे १९८७ साली जागतिक वारसा ठरलेल्या घारापुरी बेटावरची गावे संध्याकाळच्या काही तासांच्या जनरेटरवर दिवस काढत होती; समुद्राखालून टाकलेल्या केबलने तिथे २०१८ साली वीज पोहोचली. बेट जगाच्या यादीत आले आणि घरात दिवा लागला, या दोन गोष्टींमध्ये ३१ वर्षे गेली. पर्यटक येतात म्हणून गावाचे भले होतेच असे कोणी म्हणाले, की मला ही ३१ वर्षे आठवतात. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेश शुल्क बसवले, तेव्हा आमच्या कार्यालयात त्यावर बरीच चर्चा झाली. शुल्काने गर्दी आटोक्यात येईलही, परंतु पाहुण्याला काय दाखवायचे आणि काय राखून ठेवायचे, हे ठरवण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांचाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

आज आमच्या सहा मार्गदर्शकांपैकी चार जणी कोळीवाड्यातल्याच आहेत. मानधन थेट बायकांच्या फोनवर जमा होते. त्यांतली एक मुलगी गेले वर्षभर आपल्या आजीकडून लग्नातले धवले फोनवर ध्वनिमुद्रित करून घेत आहे. आजींना सलग आठवत नाही. भाजी निवडताना एखादी ओळ येते आणि मुलगी हातातले काम टाकून फोन उचलते. एका ग्राहकाने त्या ध्वनिमुद्रणांसाठी चांगली रक्कम देऊ केली होती. आम्ही निर्णय त्या दोघींवर सोपवला आणि त्यांनी नकार दिला. ती गाणी त्यांच्या घरातच आहेत. मुलीचे स्वतःचे लग्न येत्या माघात ठरले असून, त्या आठवड्यात वेसाव्याची एकही सहल आम्ही लावलेली नाही.