आमची वाटचाल : टेबल मोजलं, क्यू राहिला

२०१२च्या दसऱ्याला सांगलीत आमचा पूल हॉल (पूल म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून खिशात पाडायचा खेळ) सुरू झाला, तेव्हा भागीदार दोन, मी आणि माझा मेहुणा. टेबलं तीन, तिन्ही नऊ फुटी. नऊ फुटीच का, तर मला त्यावर खेळायला आवडायचं. जागतिक स्पर्धा त्याच मापावर होतात, मग आपल्याकडे कमी का? धंद्याचा विचार यात कुठेच नव्हता.

जागा पहिल्या मजल्यावर, ३९ फूट लांब, १७ फूट रुंद. टेबलाची स्लेट, म्हणजे कापडाखालची दगडी फरशी, तीन तुकड्यांत येते. जिन्याने ती चढवताना मार्केट यार्डातला हमाल म्हणाला, "मालक, यापेक्षा हळदीची पोती बरी." टेबलं बसली, कापड ताणून झालं, लेव्हल लागली. पहिल्याच संध्याकाळी पांढरा बॉल, म्हणजे काठीने मारायचा तो, आखूड बाजूच्या कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) चिकटला आणि खेळणाऱ्याच्या क्यूचं, म्हणजे त्या काठीचं, बूड खाडकन भिंतीवर आपटलं.

हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा होता. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग १०० इंच बाय ५०. क्यू ५८ इंचांचा, तो टेबलाच्या दोन्ही टोकांना मोजायचा. १०० अधिक ११६, म्हणजे २१६ इंच, अठरा फूट. तेही हात मागे घ्यायची जागा न धरता. आमच्याकडे सतरा! मी टेबल मोजलं होतं, क्यू मोजलाच नव्हता. ४८ इंची आखूड क्यू आणून ठेवले, पण ते हातात घ्यायला कुणालाच आवडेना.

भिंतीपेक्षा मोठं दुखणं वेगळंच निघालं. आमच्याकडे हरणारा टेबल मनी, म्हणजे टेबलाचं तासावरचं भाडं, देतो. कॉलेजच्या नवख्या पोरांची एट बॉलची (सोळा बॉलचा पूलचा प्रकार) एक फ्रेम, म्हणजे एक डाव, नऊ फुटीवर पाऊण तास चालायची. लांबचा पॉट (बॉल खिशात पाडणं) बसत नाही, मधल्या बॉलपर्यंत हात पोचत नाही, मग रेस्ट (क्यू टेकवायची आधाराची काठी) घ्या, मग फाउल. आपण तासावर पैसे घेतो, फ्रेम लांबली तर आपलंच भलं, असं मला वाटायचं. मेहुण्याने वही पुढे ठेवली. एका फ्रेमचं एवढं बिल भरून गेलेलं पोरगं पुढच्या आठवड्यात दिसत नव्हतं. आणि हरणारा बहुतेक तोच तो असायचा.

२०१५ मध्ये दोन नऊ फुटी विकली, तीन सात फुटी घेतली. आठ फुटी पाहिली होती, पण खेळायचा भाग ८८ इंचांचा असलेल्या त्या टेबलाला क्यूसकट बरोब्बर सतरा फूट लागतात, हात हलवायचा कुठे? सात फुटीला सोळा फूट दोन इंच पुरतात. तीनच्या जागी चार टेबलं मावली. फ्रेम पंधरा मिनिटांत संपू लागली आणि हरलेला स्वतःच म्हणू लागला, "अजून एक."

जुने खेळाडू मात्र चिडले. "कॅरम टाकलास काय रे?" हे मी वर्षभर ऐकलं. लहान टेबलही सोपं नसतं, हे त्यांना कबूल करायला लावायला मला मजा आली. सात फुटीचा पृष्ठभाग नऊ फुटीच्या साधारण तीन-पंचमांश, पण बॉल तेच सोळा, तेच सव्वादोन इंचांचे. ते एकमेकांना खेटून बसतात, पांढऱ्याला वाट मिळत नाही. नाइन बॉल, म्हणजे नऊच रंगीत बॉलचा खेळ, लहान टेबलावर सोपा होतो, मान्य. पण एट बॉलमध्ये गुच्छ कधी फोडायचा हे न कळणारा चांगला नेमबाजही तिथे अडकतो. मोठ्या टेबलावर उलट: बॉल मोकळे, पण हात केसभर वाकडा गेला की लांबच्या पॉटला ते लगेच उघडं पडतं.

पालकांचा प्रश्न वेगळा; त्यांना टेबल किती फुटी याच्याशी देणंघेणं नाही, त्यांच्या लेखी हा अड्डाच. त्यांच्यासाठी काउंटरमागे विल्सन जोन्स यांचा फोटो लावलाय. पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला. चार-दोन वडील त्यामुळे नरमलेत.

उरलेलं एक नऊ फुटी मी विकू दिलं नाही. ते गॅलरीच्या दारासमोर, दीड फूट दाराकडे सरकवून ठेवलंय. त्या टोकाचा शॉट असला की दार उघडायचं, क्यूचं बूड गॅलरीत जातं. पावसाळ्यात आधी आभाळ बघावं लागतं. तरी सात फुटीवर हात बसलेली पोरं आता त्याच्यासाठी नंबर लावतात.

शेजारच्या इमारतीत एक गाळा रिकामा झालाय, बावीस फूट रुंद म्हणतात. परवा बघायला गेलो. टेप मेहुण्याकडे होती, क्यू माझ्या हातात.