पोटाच्या रेषा आणि तेलाचा चमचा

पोटावर स्नायूंच्या रेषा दिसाव्यात म्हणून सलग चार महिने मी रोज दोनशे क्रंचेस (उताणं झोपून खांदे वर उचलायचे) मारले आणि बेंबीपाशी टेप लावली, तर घेर होता तेवढाच. ९४ सेंटीमीटर. मान मात्र दुखायला लागली होती, कारण शेवटचे पन्नास-साठ क्रंचेस मी पोटाने कमी आणि डोकं ओढूनच जास्त काढायचो.

गंमत म्हणजे स्नायू तयार झालेले होते. उताणं झोपून पोट आवळलं की बोटांना कडकपणा लागायचा. पण त्यावर चरबीची जाड रजई होती. ज्या जागेचा व्यायाम करू तिथलीच चरबी जाते, हा समज मी इतकी वर्षं बाळगला कसा, कोण जाणे. चरबी कुठून आधी काढायची हे शरीर स्वतः ठरवतं. माझी आधी गालांवरून गेली. जो भेटेल तो "आजारी होतास का रे?" विचारायचा आणि पोट जागच्या जागी!

तेव्हा ३८ वर्षांचा होतो, वजन ८१ किलो. हिशोब साधा होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ४०० कमी खाल्ल्या तर किलोमागे १९-२० दिवस. दहा किलोला साडेसहा महिने, तेही सगळं सुरळीत झालं तर. हा आकडा बघून आधी वैतागलोच.

स्वयंपाकघरात वजनकाटा आणला आणि पहिल्याच आठवड्यात चोर सापडला. मी "चमचाभर" म्हणून तव्यावर सोडत होतो ते तेल मोजलं तर जवळजवळ तीन चमचे भरलं. मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात. म्हणजे मी रोज जेवढं कमी खाल्ल्याचं समाधान मानत होतो, त्यातलं निम्म्याहून जास्त तेलातूनच परत येत होतं. शिवाय स्वयंपाक करताना तोंडात टाकलेले घास मी कधी धरलेच नव्हते.

प्रथिनांचं प्रमाण किलोमागे १.६ ते २ ग्रॅम ठेवलं, म्हणजे दिवसाला १३० ग्रॅमच्या आसपास. अंडी, दही, चिकन, कडधान्यं. यात विशेष काही नाही. एवढंच की प्रथिनांनी पोट भरल्यासारखं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकायला मदत होते. काय खायचं यापेक्षा रात्री दहानंतर स्वयंपाकघरात जायचं नाही, हे मला जास्त जड गेलं.

व्यायामातली चूक जिममधल्या प्रशिक्षकाने एका वाक्यात दाखवली. बारला लटकून मी पाय वर घेत होतो. तो म्हणाला, "पाय विसर, कंबर गुंडाळ." नुसते पाय उचलले की बरंचसं काम मांडीच्या वरचे, खुब्यापाशी असलेले स्नायू करतात. ओटीपोटाचं हाड छातीकडे वळवलं की पोट खरं राबतं. मी पंधरा मारायचो, तसे सहाही होईनात. त्या दिवसापासून दोनशेची माळ बंद. आठवड्यातून तीनदा, आठ ते बारा वेळा, जमायला लागलं की वजन वाढवायचं, जसं आपण दंडासाठी करतो तसंच. स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) सोडले नाहीत.

अंगाचं वजन करायच्या काट्याने रडवलं ते वेगळंच. एका खारट जेवणानंतर सकाळी १.२ किलो वाढलेलं! ती चरबी नव्हतीच. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. मग रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढायला लागलो, तेव्हा कुठे डोकं शांत झालं.

पाचव्या महिन्यात सरासरीही तीन आठवडे हलेना. खाणं तेच होतं. फोनमध्ये पाहिलं तर पावलं नऊ हजारांवरून साडेपाच हजारांवर आलेली. कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो. मी लिफ्ट कधीपासून वापरायला लागलो ते मलाच आठवेना. शिवाय हलक्या शरीराला लागतंही कमी. दोन आठवडे वजन राखण्यापुरतं पोटभर खाल्लं, मग चालणं वाढवून पुन्हा सुरुवात केली.

आठव्या महिन्यात वजन ७१, घेर ८० आणि आरशात रेषा. पण वाकड्या! डावीकडचा कप्पा उजवीकडच्यापेक्षा बोटभर वर. आधी वाटलं, व्यायाम एकांगी झाला. तसं नव्हतं. पोटाच्या उभ्या स्नायूला आडवे छेदणारे तंतूंचे पट्टे असतात. ते किती आणि कुठे, हे जन्मतःच ठरलेलं. कुणाचे सहा कप्पे, कुणाचे आठ, माझे चार आणि खाली सपाट.

बेंबीखालचं उरलंसुरलं घालवायच्या हट्टाने मी ६८ पर्यंत गेलो. झोप उडाली, सतत थंडी वाजायची, घरच्यांवर खेकसायचो. महिन्याभरात ७१ वर परत आलो.

आता सकाळी उठल्यावर चार कप्पे दिसतात, जेवल्यावर दोन. वजनकाटा अजून ओट्यावर आहे, पण त्यावर फक्त तेल मोजतो.